उन्हातलं कापड

रूपालीने दोरीवरचे सुती कापडाचे चारही तुकडे खसकन ओढले आणि पदराखाली धरले. पलीकडच्या गच्चीवर शेजारीण पापड वाळत घालत होती. तिने पाहिलं असेल का? वर न बघताच रूपाली जिना उतरली.

आठवीतली अक्षदा शाळेतून येऊन स्वयंपाकघरात डबा घासत होती.

"हे तू गच्चीवर टाकलंस? सगळ्यांदेखत?"

"शाळेत डॉक्टर मॅडम आल्या होत्या, आई. म्हणाल्या, साबणाने धुवायचं आणि कडक उन्हात वाळवायचं."

"अगं, तुझ्या बाबांच्या रेल्वेतली तीन घरं आहेत या बिल्डिंगमध्ये. काय म्हणतील?"

"मतलब, मी काय चोरी केली का?"

रूपालीने पदराखालचे तुकडे ओट्यावर ठेवले. माहेरी, भुसावळला, आईने तिला पाळीचे असे तुकडे न्हाणीघरात, परकराच्या आत दडवून वाळवायला शिकवलं होतं. पॅडने अक्षदाच्या मांड्या सोलवटायच्या, म्हणून रूपालीने लेकीलाही कापड दिलं आणि तीच जागा दाखवली. असं का करायचं, हे तिने आईला कधी विचारलं नव्हतं. अक्षदानेही विचारू नये, असं तिला वाटत होतं.

"अंधारात ते नीट वाळत नाही," अक्षदा नळ बंद करत म्हणाली. "ओल राहते, मग खाज येते, इन्फेक्शन होतं. अंगावर काढलं तर ओटीपोटात दुखायला लागतं. मॅडमनी फळ्यावर चित्र काढून दाखवलं."

रूपाली घड्या घालू लागली. एक झाली. दुसरी झाली. तिसरी घालून पुन्हा उलगडली. दिवाळीपासून खाजेने तिला धड झोप नव्हती. नवऱ्याला, दिनकरलाही, तिने याबद्दल एका शब्दाने सांगितलं नव्हतं. उष्णता झाली असेल, असं स्वतःलाच सांगत रोज धण्याचं पाणी पीत होती. गेल्या आठवड्यापासून पोटातही कळ यायची.

"अक्षदा."

"हं?"

रूपालीने खिडकीकडे तोंड फिरवलं.

"ज्यांना असं आधीच होतंय, त्यांनी काय करायचं, ते सांगितलं का मॅडमनी?"

अक्षदाचा डबा पुसणारा हात थांबला. मग डबा ओट्यावर ठेवून तिने स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि हळूच विचारलं,

"किती दिवस झाले, आई?"