दुसरी पसंती कोलमनची

सत्त्याऐंशीच्या निवडणुकीत आमच्या मेयो परगण्यातल्या दोन उमेदवारांची पत्रकं मीच घरोघरी टाकली होती. टपाल वाटायचे मी तेव्हा; टपालवाली ॲट्रॅक्टा म्हणूनच सगळे ओळखायचे. उरलेलं एकेक पत्रक घरी ठेवायची सवय लागली आणि बघता बघता कपाट भरलं. निवृत्त झाल्यावर भाचीने ती सगळी स्कॅन करून इंटरनेटवर टाकायला शिकवलं. मोठ्या पक्षांची पत्रकं कुणीही जपतं. मला जीव होता तो असल्या दोन वर्षं जगून मेलेल्या पक्षांवर.

पश्चिम रेल्वे पक्ष त्यातलाच. बंद पडलेली रेल्वे पुन्हा सुरू करा, एवढीच मागणी. सभासद अकरा. मॅलकी डर्कन आणि कोलमन फीरिक या दोन जिवलग मित्रांनी तो काढला आणि निवडणुकीच्या तोंडावर त्यांचंच बिनसलं. कोलमनला पत्रकात गावचं इस्पितळ वाचवण्याचाही मुद्दा हवा होता. मॅलकी म्हणाला, रेल्वे म्हणजे रेल्वे. सहा जण इकडे, पाच तिकडे. कोलमनने नाव घेतलं 'पश्चिम रेल्वे पक्ष (मूळ)'. सगळं गाव हसलं. दोघंही पडले आणि पुन्हा एकमेकांशी बोलले नाहीत.

या मार्चमध्ये काही तारखा विचारायला मी मॅलकींना घरी बोलावलं. आता ऐंशीचे आहेत. चहा झाला, लोणी लावलेला पाव झाला. मी दोन्ही पत्रकं टेबलावर ठेवली, तर त्यांनी कोलमनचं बोटाने दूर सरकवलं.

"हे कशाला काढलंस? तेव्हा वाचलं नाही, आता काय वाचू?"

"कधीच वाचलं नाहीत?"

"तू दारात टाकलंस तसं सरळ चुलीत घातलं."

"मग खालच्या चार ओळी मी वाचते, ऐका." आणि मी वाचलं, "'पहिली पसंती मला द्या. दुसरी मॅलकी डर्कनला द्या. माणूस महाहट्टी आहे, पण खोटं बोलत नाही. आम्हा दोघांपैकी कुणीही निवडून आला तरी चालेल.'"

मॅलकींनी चष्मा मागितला. स्वतः वाचलं, दोनदा.

आमच्याकडे मतपत्रिकेवर एक, दोन, तीन अशी पसंती लिहितात. उमेदवार बाद झाला की त्याची मतं दुसऱ्या पसंतीच्या माणसाला जातात. कोलमन आधी बाद झाला होता आणि त्याची एकशे त्रेचाळीस मतं मॅलकींना मिळाली होती.

"मी त्या दिवशी मोजणीच्या हॉलमध्ये ओरडलो होतो," ते हळूच म्हणाले. "म्हटलं, बघा, त्याची माणसंसुद्धा त्याला सोडून माझ्याकडे आली. सगळ्यांसमोर, ॲट्रॅक्टा."

मग पत्रक उचलत म्हणाले, "गाडी आहे ना तुझी?"

कोलमन वीस मैलांवर लेकीकडे राहतात. दार त्यांनीच उघडलं. मॅलकींच्या हातात ते पत्रक होतं.

"हे आज वाचलं," मॅलकी म्हणाले.

"चार ओळींना छत्तीस वर्षं? शाळेतही तू असाच होतास."

"त्या हॉलमध्ये मी जे बोललो..."

"ऐकलं होतं. तुझ्या मागेच उभा होतो."

"मग तेव्हाच माझं थोबाड का नाही रे फोडलंस?"

कोलमन दाराला टेकून उभे राहिले. "माझी मतं तुला गेली म्हणून हात मिळवायला आलो होतो. ते ऐकून मागच्या मागे घरी गेलो." मग विचारलं, "तुझ्या पत्रकात माझं नाव होतं का?"

"नव्हतं."

"खरं सांगितलंस, हे बरं केलंस."

मॅलकींच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायलाही त्यांनी हात उचलला नाही. कोलमननी त्यांच्या कोटाची बाही धरली आणि ओढत आत नेलं. "चल, दारात उभं राहून लेकीचं घर गार करतोयस."

आत गेल्यावर पाचच मिनिटांत इस्पितळावरून आवाज चढले. लेक घाबरून स्वयंपाकघरातून धावत आली. मी तिला म्हटलं, "राहू दे गं, भांडू दे त्यांना."

आता दर शनिवारी मी मॅलकींना तिकडे सोडते. रेल्वे अजून सुरू झालेली नाही. इस्पितळही गेलंच. दोघं मिळून आता सरकारला पत्रं लिहितात आणि पहिली सही कुणाची, यावर भांडतात.