खांबाभोवतीची फट

डोंगरावर दुर्बिणीचं घर बांधायचं काम सुनेने घेतलं, तेव्हापासून थोरल्या बाईंचं डोकं ठिकाणावर नव्हतं. नवऱ्याच्या मागे बांधकामाचा धंदा त्यांनीच सांभाळला होता, पण असलं घर पाहिलं नव्हतं. खिडकी एक नाही. घुमट मधोमध उघडायचा. दिवसभर आत गारवा कोंडून ठेवायचा आणि माणसाने आत बसायचंच नाही, का तर माणसाच्या अंगाची ऊब दुर्बिणीला सोसत नाही.

"नव्या नवरीचेसुद्धा एवढे नखरे नसतात," बाई म्हणाल्या.

"आई, तुम्ही नुसतं बघा. हात लावू नका कशाला," सून म्हणाली.

ते बाईंच्या जिव्हारी लागलं.

सून घुमटाची चाकं आणायला शहरात गेली आणि बाई आत शिरल्या. मधोमध दुर्बीण बसवायचा खांब, कवेत न मावणारा, जमिनीच्या पोटातून निघून छातीएवढा वर आलेला. आणि खांब आणि कोबा यांच्यामध्ये सगळीकडून चार बोटं फट. खाली अंधार.

"मिस्त्री, हे काय?"

"फट आहे, बाई."

"ते दिसतंय मला. का आहे?"

मिस्त्रीने डोकं खाजवलं. "नकाशात आहे म्हणे. वहिनी म्हणाल्या, सोडा."

"नकाशात रेघ असते. रेघ जाड झाली म्हणून तू खिंडार सोडशील? उद्या त्या दुर्बिणीवाल्या साहेबाचा पाय अडकला की लोक नाव कुणाचं घेतील? माल कालव."

मिस्त्री जुना माणूस. बाईंपुढे त्याची जीभ कधी उचलली नव्हती, ती आता काय उचलणार. फट भरली. वरून थापी बाईंनी स्वतः फिरवली, कोबा असा गुळगुळीत केला की बघत राहावं.

सून परत आली ती दुर्बिणीच्या साहेबांना घेऊनच. साहेब आत आले आणि गुडघ्यांवर बसून जमीन चाचपायला लागले.

"इथली फट कुठे गेली?"

सुनेचा चेहरा उतरला. साहेब आवाज न चढवता म्हणाले, "खांब घराला कुठेही शिवता कामा नये, हे मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. कुणी चाललं, दार आपटलं, घुमट फिरला की ती थरथर कोब्यातून खांबात जाणार. मग दुर्बिणीतला तारा नाचायला लागतो. हे मोकळं झालं नाही तर काम दुसऱ्याला द्यावं लागेल मला."

"मिस्त्री, कुणी सांगितलं तुम्हाला?" सुनेने विचारलं.

"त्याला काय विचारतेस? मी सांगितलं," बाई म्हणाल्या.

सून ओरडली असती तर बाईंना बरं वाटलं असतं. ती हळूच म्हणाली, "का पण, आई?"

"फट होती म्हणून."

याहून दुसरं कारण बाईंना सुचेना. फट दिसली की भरायची, यात चुकतं कुठे? घरात उभं राहायचं आणि घराला शिवायचं नाही, हे कुठलं नातं? भाडेकरूसुद्धा भिंतीला पाठ टेकतो. विचार करकरून त्यांचं कपाळ दुखलं.

मग फोडाफोड सुरू झाली. खांबाचा टवका उडू नये म्हणून सून स्वतः छिन्नी घेऊन बसली. बाईंना कुणी जा म्हणालं नाही, ये म्हणालं नाही. त्या आपल्या घमेल्यात खडी गोळा करत राहिल्या.

फट पुन्हा मोकळी झाल्यावर साहेब आले. त्यांनी खांबावर पसरट ताटलीत पाणी ठेवलं. "आता कुणीतरी चाला. पाणी हललं तर उपयोग नाही."

मिस्त्री मांजरासारखा चालला.

"असं नाही हो, नीट चाला."

सुनेने बाईंकडे पाहिलं. "आई, तुम्ही चाला."

बाई चालल्या. खांबाभोवती एक फेरी झाली. मग टाच उचलून त्यांनी जोरात आपटली. कोबा घुमला, गुडघ्यापर्यंत झणझण आली. ताटलीतलं पाणी आरशासारखं निवांत.

साहेबांनी मान डोलावली. "ठीक आहे. पुढचं काम चालू करा."

सून मटकन खालीच बसली आणि हसायला लागली. बाई मात्र पाण्याकडे बघत होत्या. त्यांच्या पावलांच्या आवाजाने आजवर घरातली भांडणं थांबली होती, कामगार विड्या विझवत होते. आणि या खांबाला पत्ताच नाही. हायसं वाटून घ्यावं की अपमान, त्यांना कळेना.

"झालं, आई. पास झालो आपण."

"थांब गं," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पुन्हा टाच आपटली.