वाटीत किती बेदाणे

बाबांनी एकतीस वर्षं एकाच बेकरीत केक केले, आणि सगळे तोलून. हाताखालचे लोक त्यांना मागून ‘काटा’ म्हणायचे. दोन ग्रॅम इकडचे तिकडे झाले तरी त्यांचं तोंड आंबट व्हायचं. मग नजर अधू होत गेली. आधी काट्यावरचे आकडे पुसट झाले, नंतर दिसेनासेच झाले. डॉक्टर म्हणाले, उरलीय तीही हळूहळू जाईल.

मी औषधांच्या दुकानात काम करते, मोजमाप अंगवळणी पडलेलं. म्हटलं, "बाबा, वजन सोडा. सगळं वाटीवर आणू. वाटी हाताला कळते."

"सुक्या मेव्याला वाटी? बेदाणा वेगळा, अंजीर वेगळं."

"म्हणूनच एकेकाचं वेगळं काढायचं."

रविवारी दोघं ओट्याशी बसलो. मी मोठी वाटी भरायची, काट्यावर ओतायची, आकडा वाचायचा. बेदाणे दीडशे ग्रॅम. चिरलेले जर्दाळू एकशे तीस. म्हणजे पाव किलो जर्दाळूला दोन वाट्यांहून जरा कमी. बाबा पुटपुटत पाठ करत होते. खजुराची पाळी आली तेव्हा एक तोंडात टाकून म्हणाले, "आता एक कमी धर." कितीतरी दिवसांनी हसलो.

बेकरीत पहिलाच केक फसला. मधोमध बसला, कापला तर आत फळांचा नुसता गोळा. मालकीणबाईंनी तो हळूच आत नेऊन ठेवला, ते बाबांना जास्त लागलं.

घरी मी त्यांनाच वाटी भरायला लावली. काठ दिसत नसल्यामुळे ते तळव्याने चाचपून सपाट करत होते, आणि करता करता दाबत होते. जर्दाळू भरले एकशे पासष्ट. मी सगळं माझ्या हाताने मोजलं होतं!

"रडू नकोस," बाबा म्हणाले. मी तर आवाजही केला नव्हता. "आता माझ्या हाताने मोज."

पुन्हा पहिल्यापासून मोजलं. पुढचा केक असा झाला की मालकीणबाईंनी दुसरा तुकडा मागून घेतला.

त्याच आठवड्यात भट्टीतले बारा केक करपले. वासावरून कळेल, असं बाबांना वाटलं होतं. पण शेजारच्या भट्टीत पाव होते, वासात वास मिसळला. ट्रे ओढताना हातही भाजला.

मी पट्टी बांधत होते तेव्हा म्हणाले, "भरायचं जमलं गं. पण झालाय की नाही, ते बघावंच लागतं."

"कुणाला तरी विचारायचं ना."

"एकतीस वर्षं लोक मला विचारत होते."

सकाळी मीच बेकरीत सांगून आले, बाबा आता कामाला येणार नाहीत. मालकीणबाईंचे डोळे भरले. "नुसतं बसायला तरी येऊ दे त्यांना."

"नुसतं बसायला ते यायचे नाहीत," मी म्हटलं.

परत आले तर बाबा बूट घालून दाराजवळच्या खुर्चीत बसलेले.

"सवयीने घातले," ते म्हणाले.

मी नाड्या सोडायला वाकले, तसे त्यांनी पाय मागे घेतले. "राहू दे. हे मला येतं."