हिरवट खाकी

माझ्या शिवणाच्या दुकानाला दोन दारं आहेत. पुढचं हमरस्त्यावर उघडतं, मागचं गल्लीत. साथ आली आणि पोलिसांनी गल्लीच्या तोंडाशी लोखंडी अडथळे लावले, तेव्हा हे मागचं दार कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

गल्लीत माझी धाकटी जाऊ अडकली होती. तिचं बाळ वेळेआधी जन्मलं, एवढंसं, आणि इस्पितळात काचेच्या पेटीत होतं. तिला घरी सोडलं आणि दुसऱ्याच दिवशी गल्ली बंद. बाळाला आईचंच दूध हवं, दुसरं पचायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. इकडे हुकूम असा की गल्लीतून ना माणूस बाहेर, ना वस्तू. मोडेल त्याला सरळ कोठडी. हुकूम काढणाऱ्यांना तान्ही बाळं माहीतच नसावीत.

मग काय, जाऊ रोज मागच्या उंबऱ्यावर बाटली ठेवायची आणि मी ती बर्फासकट कापडात गुंडाळून इस्पितळात पोचती करायची. बाळ हळूहळू अंग धरू लागलं.

अडथळ्यापाशी एक हवालदार उभा असे. इतका ताठ की आम्ही त्याला खांब म्हणायचो. त्याची नवी पँट माझ्याकडेच शिवायला होती. एका सकाळी मी दुकानातून निघाले, तर खांब चक्क चालत आला. नजर माझ्या हातातल्या गुंडाळीवर.

"वहिनी, हे माझं कापड आहे."

जाड कापड थंडावा धरतं म्हणून हाताला लागलेला तुकडा मी घेतला होता, तो नेमका त्याच्या पँटचा निघाला. नेहमीच्या खाकीपेक्षा जरा हिरवट. कापड घेतलं तेव्हाच त्या रंगावरून ठाण्यात त्याची यथेच्छ टिंगल झाली होती, तो कसला विसरतोय. कापड मारणारी शिंपीण रंगेहाथ सापडली म्हणून त्याने ऐटीत गुंडाळी सोडली आणि हातात आली दुधाची बाटली.

मी सगळं सांगून टाकलं. तो ओरडला नाही. इस्पितळात आणखी तान्ही बाळं आहेत, त्यांचा विचार केलात का, एवढंच त्याने विचारलं. बाटली बंद गल्लीतून येते हे डॉक्टरांना ठाऊक आहे का, हेही. नव्हतं. त्याचं म्हणणं खरं होतं, म्हणूनच मी जास्त भडकले. मला खुशाल आत टाका, पण आधी दूध पोचवा, असं सुनावलं. त्याने बाटली स्वतःकडे ठेवली, मागच्या दाराला टाळं ठोकलं आणि निघून गेला.

मी मशीनपाशी बसून रडले. बंद दारापलीकडून जावेने हाक मारली, "ताई, दूध पोचलं ना?" मी मशीन जोरजोरात चालवू लागले.

दुपारी खांब परत आला. त्याने डॉक्टरीणबाईंना सारं सांगितलं होतं. बाटली बाहेरून औषधाने पुसून दूध बाळाला दिलं होतं, आणि जावेला तपासायला नर्सही गल्लीत येणार होती.

"हुकुमात अडवायचं कलम आहे, तसं गरजेची वस्तू सोडायचंही आहे, माझ्या जबाबदारीवर," तो म्हणाला. "ते कुणी वापरलंच नव्हतं. मीसुद्धा नाही. तुमचं दार मात्र बंदच राहील."

दुसऱ्या दिवसापासून तो स्वतः बाटली नेऊ लागला. मी उरलेल्या हिरवट कापडाची पट्टा लावलेली पिशवी शिवून दिली. ती खांद्याला अडकवून खांब चालला की अख्खा रस्ता हसायचा आणि वाटही द्यायचा.

अखेर साथ ओसरली, गल्ली मोकळी झाली. बाळ घरी आलं त्या दिवशी अडथळे नव्हते, पण खांब सवयीने तिथेच उभा होता. जाऊ सरळ त्याच्यापुढे गेली आणि बाळ पुढे केलं. तो मागे सरकला. नव्या पँटला दोन्ही तळवे पुसले, पुन्हा पुसले.

"घेऊ का?" त्याने विचारलं. इतके दिवस साऱ्या गल्लीला हो-नाही सांगणारा माणूस माझ्या जावेची परवानगी मागत होता.

"घ्या की," ती म्हणाली. "तुमच्याच हातून वाढलंय ते."