देवळासमोरची गिरकी

लोव्रेची बोट बघायला धक्क्यावर अर्धे बेट लोटले होते. लोव्रेच्या शिडाच्या बोटीला त्याच्या बुडून गेलेल्या बापाने झपाटले आहे, अशी महिनाभर बोंब होती. बंदराच्या तोंडाशी आमचे मेरीमातेचे देऊळ आहे. बुडालेल्यांना मान म्हणून त्याच्यासमोर प्रत्येक बोट डावीकडे गिरकी घेते. लोव्रेची बोट वळली की इंजिन तापल्याचा भोंगा किंचाळायचा. मग भूत उतरवायला बोटीत बसलेला कुझ्माकाका पवित्र तेल शिंपडून प्रार्थना पुटपुटायचा, तेवढ्यात गिरकी संपायची, आणि भोंगा गप्प! बायका भराभर क्रुसाची खूण करायच्या.

"बाप खाली एकटा पडलाय," कुझ्मा सांगायचा. "घरातलं कुणीतरी सोबतीला मागतोय."

त्या दिवशी लोव्रेच्या बायकोला, यकाला, महिनाभर आधीच कळा सुरू झाल्या. इस्पितळ असलेल्या स्प्लिट शहराची फेरीबोट निघून गेली होती. मी बेटावरची सुईण. यकाला घेऊन आम्ही लोव्रेच्याच बोटीने निघालो. कुझ्मा तेलाची बाटली घेऊन न बोलावता चढला.

गिरकी घेतली आणि भोंगा किंचाळला.

"इंजिन बंद कर!" कुझ्मा ओरडला. "त्याला बाळ हवंय!"

घाबरून लोव्रेने इंजिन बंद केले. किल्ली मात्र चालूवरच राहिली. वाऱ्याने बोट डावीकडे कलली आणि खडकांकडे सरकू लागली. प्रार्थना तीनदा झाली, तेल संपले, भोंगा थांबेना.

"पेरीनामावशी, नेतील का हो ते माझं बाळ?" यकाने माझे मनगट घट्ट धरले.

खोटे कशाला सांगू, मलाही ते खरेच वाटत होते. पण ताप आलाय म्हटले की आधी कपाळावर हात ठेवायची माझी तीस वर्षांची सवय. झाकण उघडून भीत भीत इंजिनाला तळहात टेकवला. कोमट! निघून पाच मिनिटे झाली नव्हती, तापणार कधी?

"ताप नाहीये, लोव्रे. हा भोंगा वाजतो कशाने?"

"ती बारीक तार लोखंडाला टेकली की. इंजिन तापलं की आतला खटका टेकवतो."

मी तार चाचपत गेले. एका जागी तिचे प्लॅस्टिक घासून गेले होते. बोट डावीकडे कलली की उघडे तांबे आपोआप लोखंडाला टेकत होते. तार उचलली, भोंगा थांबला. सोडली, पुन्हा किंचाळला.

"माझ्या तेलानंच..." कुझ्मा पुटपुटला.

"तेल कधीच संपलं, काका. गिरकी संपेपर्यंत प्रार्थना लांबवता येते, एवढंच तुमचं सामर्थ्य. आता गप बसा आणि कात्री द्या."

पिशवीतली चिकटपट्टी मी तारेला गुंडाळली. लोव्रेने इंजिन सुरू केले तेव्हा खडक वल्ह्याच्या अंतरावर होते.

"थांब," यका म्हणाली. "देवळासमोर परत गिरकी घे."

"वेडी झालीस? कळा येतायत तुला!"

"ही भीती पोटात घेऊन मी बाळंत होणार नाही. फिरव."

बोट डावीकडे कलली. कारण ठाऊक असूनही मी भोंग्याकडे कान लावून बसले. इंजिनाच्या धडधडीशिवाय काही ऐकू आले नाही.

"सासरे नव्हते ना हो ते?" यका रडू लागली.

"नाही गं पोरी. तार होती."

संध्याकाळी मुलगी झाली, दोघी सुखरूप. आम्ही देवळासमोर आजही गिरकी घेतो, बुडालेल्यांना मान द्यायलाच हवा. पण लोव्रेचा बाप जन्मभर दुसऱ्यांची पोरे पाण्यातून काढत आला, आणि आम्ही महिनाभर त्यालाच नात पळवणारा ठरवत होतो. बाबांनो, मेलेल्या माणसावर असा आळ घेण्याआधी निदान झाकण उघडून हात तरी लावून पाहा.