माझ्या पाठीवरची चिकटपट्टी

मित्रांनो, तुमच्या घरातला टीव्ही एकदा भिंतीवर चढला की जन्मभर एकाच खोलीकडे बघत बसतो. माझं तसं नाही. मी एका छोट्या सहलीच्या बोटीवरचा टीव्ही आहे; वय वर्षं नऊ, रुंदी जेमतेम हातभर. माझ्यासमोरच्या खिडकीत कधी धक्का असतो, कधी पाणी, कधी नुसतं आभाळ. आता माझ्या एका कोपऱ्यात पिवळा डाग पडलाय आणि आवाजही घोगरा झालाय. तरी मी स्वतःला नशीबवान समजतो, कारण मला बसवायला जे माणूस आलं होतं, तसं माणूस सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

बोट तांडेलांची. हे काही त्यांचं नाव नव्हे. चाळीस वर्षं त्यांनी शहरात बस चालवली, निवृत्त झाल्यावर ही बोट घेतली, आणि बोटीचा प्रमुख तो तांडेल म्हणून घरच्यांनी थट्टेने त्यांना ती पदवी देऊन टाकली. बोटीच्या चाकाला ते अजूनही स्टिअरिंग म्हणत आणि धक्का सोडताना सवयीने आरशात बघायला मान वळवत. आरसा तिथे नव्हताच. सुट्टीत मुलगा, सून आणि नात चार-चार दिवस बोटीवर राहायला यायची. नात संध्याकाळी कंटाळायची, म्हणून मला आणलं गेलं.

मुलगा म्हणाला, "चार स्क्रू मारले की झालं. त्यात काय एवढं?"

"घरात असतं तर तूच मार म्हटलं असतं," तांडेल म्हणाले. "बोटीवर वायरमन मावशीच हवी."

वायरमन मावशी म्हणजे धक्क्यावरच्या सगळ्या बोटींची वीज सांभाळणारी बाई. पन्नाशीची, अंगाने किरकोळ, कानामागे कायम पेन्सिल. ती आली आणि पहिला तासभर तिने मला खोक्यातून बाहेरच काढलं नाही. नुसती केबिनमध्ये बसून राहिली, बोट कुठे हलते, किती हलते, ते बघत. मला तर वाटलं, बाई कामचुकार दिसते. किती चुकलो होतो मी!

नंतर तिचे हात चालू लागले आणि मी बघतच राहिलो. बोटीवर घरासारखी वीज नसते, म्हणून तिने मला थेट बोटीच्या बॅटरीला जोडलं आणि मध्ये फ्यूज घातला. छतावरचा अँटेना तिने गोल, चारही बाजूंनी लहरी पकडणारा निवडला. कारण नांगरलेली बोट वाऱ्याबरोबर तोंड फिरवते, आणि एकाच दिशेला रोखलेला अँटेना असेल तर ऐन रंगात आलेला कार्यक्रम गायब होतो. माझ्या वायरीला तिने मुद्दाम खाली लोंबता वळसा ठेवला. छतातून पाणी झिरपलंच तर ते वळशाच्या टोकाशी ठिबकेल, माझ्या पोटात शिरणार नाही. मग तिने मला ब्रॅकेटवर तात्पुरतं चढवलं, सगळ्यांना बोटीच्या एकाच बाजूला उभं केलं, बोट कलली, आणि मी तसूभरही हललो नाही. एवढ्याशा कामात इतका जीव ओतणारं माणूस मी आजवर दुसरं पाहिलेलं नाही.

सगळ्यात शेवटचं काम तिने एकटीने केलं, घरची मंडळी खरेदीला गेली असताना. मला तान्ह्या बाळासारखं दोन्ही हातांवर घेऊन ती केबिनभर फिरली, आणि दर पावलाला दारातून चाकासमोरच्या होकायंत्राकडे बघत होती. शेवटी मला पायऱ्यांजवळच्या अडचणीच्या कोपऱ्यात कायमचं बसवलं. बसवण्याआधी माझ्या पाठीवर चिकटपट्टी लावून पेनाने लिहिलं : 'होकायंत्रापासून दोन हात लांबच ठेवणे.' मंडळी परतली तेव्हा ती दुसऱ्या बोटीवर निघाली होती. सांगायचं राहून गेलं.

पाच वर्षं मी त्या कोपऱ्यात सुखाने नांदलो. पावसाळी दुपारी नात माझ्यापुढे पालथी पडून कार्टून बघे, तांडेल बातम्यांशी भांडत आणि सून जुनी गाणी लावून भाजी चिरे. एकच तक्रार होती. मी कोपऱ्यात, त्यामुळे बाकावरून बघणाऱ्याला मान वाकडी करावी लागे. तांडेलांची मान तशीही दुखायची.

एका सुट्टीत मुलाने मनावर घेतलं. बाबांना समोरून नीट दिसावं म्हणून त्याने मला उतरवलं. उतरवताना छातीशी धरलं, त्यामुळे माझी पाठ त्याच्या शर्टाला आणि पट्टीवरची अक्षरं शर्टाच्या बटणांना. ती कोण वाचणार? बाकासमोरच्या उभ्या फळीवर त्याने मला घट्ट बसवलं आणि हात झटकले. फळीच्या पलीकडच्या बाजूला, माझ्या पाठीला पाठ लावून, होकायंत्र होतं.

मित्रांनो, माझ्या आवाजाच्या डब्यांत लोहचुंबक आहेत. मी बंद असलो तरी ते झोपत नाहीत. त्यांनी शेजारच्या सुईला आपल्याकडे ओढलं.

दुसऱ्या दिवशी पाण्यावर दाट धुकं उतरलं. खाडीच्या तोंडाशी वाटेची खूण म्हणून लाल बोया तरंगतो. त्याच्या उजवीकडून गेलं की खोल पाणी, डावीकडे वाळूचा दांडा. समोरचं काही दिसेना, म्हणून तांडेल होकायंत्रावर नजर ठेवून, जीव मुठीत धरून, अगदी हळू चालले होते. तरी बोट वाळूवर चढली. धक्क्यासरशी नातीचा ओठ टेबलावर आपटून फुटला. मुलाने फोनवर नकाशा उघडला. बोट वाटेपासून कितीतरी डावीकडे होती.

भरतीचं पाणी येऊन बोट सुटायला दोन तास लागले. मग मुलगा हळूच म्हणाला, "बाबा, राग मानू नका. पण आता पुरे करू या."

तांडेल नातीच्या ओठाकडे बघत होते. "चाळीस वर्षांत बसला ओरखडा नाही," ते म्हणाले, "आणि घरच्या लेकराचं रक्त काढलं." त्यांनी किल्ली काढून मुलाच्या हातावर ठेवली. मी हातभर अंतरावर होतो. जगातल्या सगळ्या भाषा बोलणारं माझं तोंड, पण 'चूक माझी आहे' एवढे तीन शब्द मला सांगता येईनात. तेव्हा मला माझी फार लाज वाटली.

पुढचे तीन आठवडे बोट धक्क्याला बांधून होती. विकायचं ठरलं. तांडेल रोज यायचे, माझ्यासमोर बसायचे आणि मला लावायचेसुद्धा नाहीत. नात एकदा म्हणाली, "आजोबा, माझा ओठ बरा झाला." त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, पण चाकाकडे काही गेले नाहीत.

विकण्याआधी वायरी तपासायला वायरमन मावशी आली. आत पाऊल टाकताच थबकली.

"याला इथे कोणी आणलं?"

"मी," मुलगा म्हणाला. "बाबांना समोरून दिसावं म्हणून."

ती बाहेर गेली, होकायंत्राकडे बघून परत आली. तिने मुलाला एक शब्दही सुनावला नाही. फक्त म्हणाली, "काका, जरा चाकापाशी उभे राहा. बोट धक्क्याला बांधलेली असताना आपलं होकायंत्र किती अंश दाखवतं?"

"पंच्याण्णव," तांडेल बसल्या जागेवरूनच म्हणाले. "अकरा वर्षं पंच्याण्णवच."

"बघून सांगा ना."

ते उठले, बळेबळेच. "एकशे दहा," त्यांचा आवाज आला.

मावशीने माझे स्क्रू काढले आणि पहिल्यासारखंच दोन्ही हातांवर घेऊन एक पाऊल मागे सरली.

"आता?"

"एकशे तीन."

आणखी एक पाऊल. "अठ्ठ्याण्णव." मग ती माझ्या जुन्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. "पंच्याण्णव," तांडेल म्हणाले, आणि तोच आकडा पुन्हा एकदा म्हणाले.

मावशीने माझी पाठ मुलासमोर धरली. त्याने पट्टी वाचली आणि फळीकडे वळून बघितलं. "चूक माझीही आहे," ती म्हणाली. "लिहिलं, पण भिंतीकडे तोंड करून. तोंडाने सांगायला हवं होतं."

तांडेल दारात आले. "त्या दिवशी निघताना मला एकशे दहाच दिसले होते," ते म्हणाले. "मला वाटलं, आपलेच डोळे गेले. पोरांना काय सांगायचं, म्हणून गप्प बसलो."

मुलाने खिशातून किल्ली काढली. ती देताना त्याला नजर वर करता येईना. तांडेलांनी किल्ली घेतली, त्याच्या पाठीत हलकी थाप मारली आणि म्हणाले, "माझी मान वाकडीच बरी. टीव्ही जागेवर लाव."

तेव्हापासून मी पुन्हा कोपऱ्यात आहे. बोट विकली गेली नाही. पट्टी आता माझ्या पाठीवर नाही. ती समोरच्या फळीवर, सगळ्यांना दिसेल अशी लावली आहे. मला पुसा, माझ्यावर पाणी उडवू नका, हे मी सांगणार नाही. ते तुम्हाला कळतं. माझी विनंती दुसरीच आहे. घरातलं मोठं माणूस कधी चुकलं, तर ते म्हातारं झालं म्हणायच्या आधी एकदा फळीच्या पलीकडे बघून या.

आजही दोर सोडायच्या आधी मुलगा दोर हातात धरून विचारतो, "बाबा, किती?"

"पंच्याण्णव."

मग तो दोर सोडतो.