खाटेवरचे नाना

नानांचा डावा हात सदऱ्याच्या बाहीत घालता घालता शस्त्रक्रियेच्या प्राध्यापकांना घाम फुटला. आयुष्यभर त्यांची गाठ भूल दिलेल्या माणसांशी; जागा असलेला आणि नको नको म्हणणारा म्हातारा त्यांना नवीन होता. मागे बसलेल्या प्राध्यापकांनी हसू दाबलं.

हा वर्ग शिकवणाऱ्यांचाच होता. विद्यार्थ्यांना वृद्धांची वर्षानुवर्षांची देखभाल शिकवायची, तर आधी स्वतः एखाद्या म्हाताऱ्याला कपडे घालून बघा, असा वर्ग घेणाऱ्या डॉक्टरीणबाईंचा हट्ट. खाटेवर विसरभोळ्या रुग्णाचं सोंग घेऊन बसणारे नाना आपले वडील आहेत, हे मात्र त्या कोणाला सांगत नसत. नानांना या कामाची भारी हौस. बाई 'थांबूया' म्हणाल्या की ते सोंग उतरवत आणि भल्याभल्यांची बिनपाण्याने करत: हात पिरगळलात, माझ्याऐवजी घड्याळाकडे बघून बोललात.

अलीकडे ते घरीही अधूनमधून हरवल्यासारखे वागत. सराव करत असतील, अशी बाईंनी स्वतःची समजूत घातली होती. दुसऱ्या कोणी आपल्या वडिलांबद्दल असं सांगितलं असतं, तर त्यांनी त्याचे कान उपटले असते.

"थांबूया," बाई म्हणाल्या.

नाना अर्धा सदरा तसाच लोंबत ठेवून दाराकडे बघत राहिले. प्राध्यापकांना वाटलं, म्हातारा रंगात आलाय. बाई जवळ गेल्या आणि हळूच म्हणाल्या, की झालं आता, यांना काय ते सांगा. नानांनी त्यांच्याकडे अनोळखी बाईकडे पाहावं तसं, अदबीने पाहिलं.

"बाई, माझ्या मुलीला कळवाल का? डॉक्टर आहे ती. ती आली की घेऊन जाईल मला."

कोणीतरी 'वा' म्हणालं. नाना, अहो मीच ती, हे बाईंच्या अगदी ओठांवर आलं आणि त्याच्यामागून रडूही आलं. पण नाना घाबरले होते. बाई खाटेशी खाली बसल्या.

"कळवते," त्या म्हणाल्या. "ती येईपर्यंत मी बसू का तुमच्याजवळ?"

नानांनी सरकून त्यांना जागा करून दिली. मागे सगळे प्राध्यापक माना खाली घालून बाईंचं वाक्य भराभर उतरवून घेत होते.